हेडसेटवरून बोलताना आवाज स्पष्ट पोहोचावा म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेडसेट नवा असतो, किंमतही चांगली मोजलेली असते, तरी पलीकडून "आवाज नीट येत नाहीये" हे ऐकावं लागतंच. बहुतेक वेळा हेडसेट बिघडलेला नसतो. माइक भलत्या जागी असतो, फोनने किंवा लॅपटॉपने दुसराच माइक उचललेला असतो, नाहीतर वाक्यातला नेमका महत्त्वाचा तुकडा वाटेत गळतो. शेवटच्या कारणाकडे फारसं कुणी पाहत नाही, म्हणून खाली त्यालाच जास्त जागा दिली आहे.

दांडीवाला माइक तोंडापासून किती लांब असावा?

ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं, म्हणजे साधारण तीन सेंटिमीटर, आणि ओठांच्या रेषेपेक्षा किंचित खाली. बरोबर तोंडासमोर नको.

का नको, ते तळहातावर कळतं. हात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि "फणस, भाकरी, खटपट, थंडी" म्हणा. प्रत्येक महाप्राण अक्षराला हाताला हवेचा धक्का लागतो. आता हात गालाच्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्याजवळ न्या आणि तेच शब्द म्हणा. आवाज तेवढाच राहतो, धक्का जातो. माइकच्या पडद्यावर हाच धक्का बसला की पलीकडे "भप्, भप्" ऐकू येतं आणि त्याच्या मागचं अक्षर दबतं. मराठीत ख, छ, ठ, थ, फ, घ, झ, ढ, ध, भ अशी अक्षरं पावलोपावली येतात, म्हणून हा त्रास आपल्याला जरा जास्तच. माइकवर स्पंजची टोपी असेल तर ती काढून टाकू नका, तिचं काम हेच आहे.

लांब ठेवण्याचाही तोटा आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज ढोबळमानाने सहा डेसिबलने उतरतो. लॅपटॉपचा माइक अर्ध्या मीटरवर असतो आणि हेडसेटचा तीन सेंटिमीटरवर. नुसत्या या अंतरामुळे सुमारे २४ डेसिबलचा फरक पडतो. खोलीतला पंखा मात्र दोन्ही माइकना जवळपास सारखाच ऐकू येतो. हेडसेटचा खरा फायदा हाच आहे. दांडी कपाळाकडे उचलून किंवा हनुवटीखाली लोंबकळत ठेवून बोललं की तो फायदा आपणच घालवतो.

दांडी योग्य जागी आहे, तरी आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. का?

माइकची बाजू उलटी झाली आहे का, ते बघा. गोंगाट गाळणाऱ्या अनेक माइकना दोन छिद्रं असतात, एक तोंडाकडे आणि एक बाहेरच्या बाजूला. दोन्हीकडे सारखाच पोहोचणारा आवाज म्हणजे गोंगाट, असं गृहीत धरून तो कापला जातो. दांडी पिळली गेली आणि आतलं छिद्र बाहेर वळलं, तर तुमचाच आवाज गोंगाटाच्या रांगेत जाऊन बसतो. पुष्कळ हेडसेटवर आतल्या बाजूला एक ठिपका किंवा छोटी खूण असते, ती ओठांकडे हवी.

साध्या इअरफोनच्या वायरवरच माइक आहे. तो कसा सांभाळायचा?

हा माइक छातीपाशी लोंबतो आणि कपड्यांना घासतो. कॉलर, ओढणी, पदराचा काठ, गळ्यातली साखळी, मंगळसूत्राचे मणी, दाढीचे खुंट यांपैकी काहीही घासलं की पलीकडच्याला कुणीतरी कागद चुरगाळतंय असं वाटतं. तुम्हाला स्वतःला ते ऐकूच येत नाही, त्यामुळे ही खरखर महिनोन्‌महिने चालू राहू शकते.

कपडे वाळत घालायचा छोटा चिमटा घेऊन वायर कॉलरला अडकवा, म्हणजे माइक हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर मोकळा राहील. माइक हातात धरून ओठांना लावून बोलणारे बरेच दिसतात. त्यात हवेचा धक्काही बसतो आणि बोटांची खसखसही जाते.

नेकबँड किंवा इअरबड असेल तर?

नेकबँडचा माइक बहुधा मानेवरच्या पट्टीच्या एका टोकाला असतो. तो शर्टाच्या किंवा स्वेटरच्या आत गेला की आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. पट्टी कपड्यांच्या वर काढा, एवढंच.

दांडीच्या आकाराच्या इअरबडची दांडी तोंडाच्या दिशेने झुकलेली हवी. सरळ खाली किंवा मागे वळलेली नको. मोकळे केस, स्कार्फ, हेल्मेटचा पट्टा छिद्रावर येऊ देऊ नका. आणि भर वाऱ्यात इअरबडकडून फार अपेक्षा ठेवू नका. माइक तोंडापासून दहा-बारा सेंटिमीटर लांब, कानापाशी असतो. तिथे वारा आवाजापेक्षा मोठा होतो.

माझा हेडसेटचाच माइक चालू आहे, हे कसं ओळखायचं?

नखाने. रेकॉर्डर सुरू करा, हेडसेटच्या माइकवर नख हळूच दोनदा खरवडा, मग लॅपटॉपच्या पडद्याच्या वरच्या कडेवर खरवडा. ऐकताना जो खरवडा मोठा, तो माइक चालू.

हेडसेट लावला म्हणजे त्याचाच माइक वापरला जातो, असं नाही. कानात आवाज हेडसेटमधून येतो आणि बोलणं लॅपटॉपच्या माइकमधून जातं, हा फार नेहमीचा घोटाळा आहे. झूम, टीम्स, मीट या प्रत्येक ॲपमध्ये माइक वेगळा निवडावा लागतो. विंडोजमध्ये बदललं म्हणून ॲपमध्ये बदलेलच असं नाही. मोबाइलवर व्हॉइस नोट करून चाचणी घेणार असाल तर सावध राहा: ब्लूटूथ जोडलेला असतानाही काही फोन व्हॉइस नोट फोनच्याच माइकवर घेतात.

माइकची पातळी किती ठेवायची?

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड या वाटेने जा आणि इनपुटखाली हेडसेटचं नाव दाबा. तिथे "स्टार्ट टेस्ट" आहे. नेहमीच्या आवाजात दहा सेकंद बोला आणि थांबवा, टक्केवारी दिसेल. ६० ते ८० च्या दरम्यान आली तर हात लावू नका. ९५-१०० येत असेल तर आवाज फाटतो. फाटलेला आवाज पलीकडे कितीही कमी केला तरी फाटकाच राहतो. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, साउंड, इनपुट इथे पट्टी दिसते; मोठ्याने बोलल्यावरही शेवटचे एक-दोन ठिपके रिकामे राहिले पाहिजेत.

चाचणी घेताना "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" असं म्हणू नका. तेव्हा आपण सगळेच लाउडस्पीकरवर बोलल्यासारखे बोलतो. समोर असलेल्या वर्तमानपत्रातली चार वाक्यं वाचा.

झूममध्ये माइकची पातळी आपोआप जुळवण्याचा पर्याय सुरू असतो. तो बहुतेकांना सोयीचा आहे, पण तुम्ही विचार करायला थांबलात की तो पातळी वाढवतो आणि पंख्याची घरघर वर येते. शांत खोलीत, चांगल्या हेडसेटवर तो बंद करून बघण्यासारखा आहे.

नॉइज कॅन्सलेशनचा हेडसेट घेतला. तरी समोरच्याला कुकरच्या शिट्ट्या ऐकू जातात. फसवणूक झाली का?

फसवणूक नाही, गैरसमज आहे. खोक्यावर लिहिलेलं अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन तुमच्या कानासाठी असतं. बाहेरच्या आवाजाची उलटी लहर कानात सोडून ते तुमच्यापुरती शांतता करतं. विमानाची, बसची, एसीची एकसुरी घरघर त्याने छान जाते. पलीकडच्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट एक तोटा होतो: तुम्हाला शेजारचा ड्रिल ऐकू येत नाही, त्यामुळे तो समोरच्याला ऐकू जातोय हे तुमच्या ध्यानातच येत नाही.

समोरच्यासाठी असतं ते माइकचं गाळणं. खोक्यावर ते बहुधा ईएनसी म्हणून लिहितात. त्यालाही मर्यादा आहेत. पंखा, एसी, पत्र्यावरचा पाऊस असे सतत चालणारे आवाज ते चांगले गाळतं. शिट्टी, मिक्सर, दाराची बेल असे अचानक येणारे आवाज त्याला जड जातात. आणि बाजूला कुणी बोलत असेल तर तोही माणसाचाच आवाज आहे. तो गाळायचा की ठेवायचा, हे साध्या यंत्रणेला कळत नाही. कुकर लावलाच असेल तर शिट्टीच्या आधी म्यूट करणं हाच इलाज आहे.

माझ्या वाक्याचा पहिला किंवा शेवटचा शब्द पोहोचत नाही. असं का होतं?

गोंगाट गाळणारी यंत्रणा दारावरच्या रखवालदारासारखी असते. तुम्ही गप्प असलात की दार लोटलेलं असतं. बोलायला लागलात की "हा माणूस बोलतोय" हे कळायला तिला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिलं अक्षर बाहेर राहतं. वाक्याच्या शेवटी तुमचा आवाज खाली येतो, तिला वाटतं बोलणं संपलं, आणि ती दार लावून घेते.

हे इंग्रजीतही होतं, पण मराठीत जास्त महाग पडतं. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. "पैसे खात्यात जमा झाले नाहीत" यातला शेवटचा शब्द गळला की पलीकडचा निश्चिंत होतो. "ती फाइल आज पाठवायची नाही" याचंही तसंच. आणि तो "नाही" आपण बहुधा उतरत्या आवाजात, जवळजवळ श्वासातच म्हणतो. सुरुवातीलाही तीच गत: "अमान्य" चं "मान्य", "अशक्य" चं "शक्य", "गैरहजर" चं "हजर" व्हायला एक-दोन अक्षरं गळणं पुरतं.

यावर तीन सवयी लागू पडतात.

वाक्याआधी एक बिनकामाचा शब्द टाका: "हां, तर…", "बरं, ऐका…". दार उघडायचं काम तो करतो, आणि तो गळला तरी बिघडत नाही.

नकार आधी आणा, किंवा दोनदा सांगा. "नाही, पैसे जमा झालेले नाहीत." एक "नाही" हरवला तरी दुसरा पोहोचतो. "अमान्य" ऐवजी "नाही, मान्य केलेलं नाही", "अशक्य" ऐवजी "जमणार नाही, नाहीच जमणार".

शेवटच्या शब्दाला सुरुवातीच्या शब्दाइतकाच जोर ठेवा, आणि तो संपल्यावर एक आकडा मोजून मगच म्यूट करा. क्रियापद तोंडात असतानाच बोट म्यूटवर जाणारे लोक बरेच आहेत.

एवढं करूनही अक्षरं गळत असतील तर गाळण्याची पातळी उतरवा. झूममध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये बॅकग्राउंड नॉइजसाठी ऑटो, लो, मीडियम, हाय अशा पायऱ्या आहेत. शांत खोलीत "लो" पुरतं. हेडसेटचं स्वतःचं गाळणं आणि ॲपचं गाळणं दोन्ही पूर्ण जोरात असली की आवाज दोनदा चाळणीतून जातो, आणि महाप्राण अक्षरांतली हवा गोंगाट समजून काढली जाते. मग "खाली" आणि "काली" यातला फरक समोरच्याने अंदाजाने ओळखायचा.

आकडे सांगताना नेहमी घोळ होतो. काय करावं?

आधी घोळ कुठे होतो ते पाहू. साध्या टेलिफोनच्या आवाजात सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा जातो. "स" या उच्चाराचा बराचसा जोर त्याच्या वर असतो, म्हणजे तो कापलाच जातो. मग "सहा" आणि "दहा" यात उरतं काय? दोन्हीकडे मागचा "हा" तेवढा ऐकू येतो. "सात", "साठ" आणि "आठ" हे त्रिकूट तर बदनामच आहे. "सतरा" आणि "सत्तर" भरभर बोलताना एकमेकांत मिसळतात. "एकोणसाठ" आणि "एकोणसत्तर", "ब्याण्णव" आणि "नव्व्याण्णव" याही नेहमीच्या जोड्या.

त्यात आपल्या दोन अंकी संख्यांची रचना उलटी. "अठ्ठ्याण्णव" म्हटलं की कानावर आधी आठ पडतो आणि कागदावर आधी नऊ लिहायचा असतो. लिहिणारा इंग्रजी माध्यमात शिकलेला असेल तर तो तिथेच अडखळतो आणि पुढचे दोन अंक त्याच्या हातून सुटतात.

म्हणून नंबर एकेक अंकाने सांगा: "नऊ, आठ". दहा अंकी मोबाइल नंबर तीन-तीन-चार असा तोडा, बारा अंकी आधार क्रमांक कार्डावर छापलाय तसा चार-चार-चार. प्रत्येक तुकड्यानंतर थांबा आणि समोरच्याला तो परत म्हणू द्या. तुम्हीच पुन्हा म्हणून उपयोग नाही. चूक त्याच्या कानात झालेली असते, ती त्याच्याच तोंडून कळते.

"डबल नऊ" टाळा. "डबल" गळला की एक अंक कमी होतो. "नऊ, नऊ" म्हणा.

शंका येईल असा आकडा शेजाऱ्यासकट सांगा: "सहा, पाच-सहा मधला सहा", "सतरा, एक सात", "सत्तर, सात शून्य".

रक्कम सांगताना सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच हे घरात ठेवा. "साडेतीन हजार" मधला "साडे" गळला की पाचशे रुपये गेले. "तीन हजार पाचशे" म्हणा. वेळेचंही तसंच: "पावणेदोन" ऐवजी "एक पंचेचाळीस".

ओटीपी मात्र कितीही स्पष्ट उच्चारात सांगायचा नाही. तो कुणी फोनवर मागितला की फोन ठेवून द्यायचा.

इंग्रजी अक्षरं सांगताना बी, डी, पी, टी, व्ही सगळी सारखीच ऐकू येतात.

येणारच, सगळ्यांच्या शेवटी "ई" आहे आणि फरक फक्त सुरुवातीच्या कणभर व्यंजनात. एम आणि एन, एफ आणि एस यांचं उलटं: सुरुवात एकच, शेवट वेगळा. विमानवाहतुकीत यासाठी १९५६ पासून अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही शब्दमाला चालते. ती पाठ असेल तर उत्तम. नसेल तर गावांची नावं चालतात: पी पुण्याचा, डी डोंबिवलीचा, एम मिरजेचा, एन नाशिकचा, एस साताऱ्याचा.

फक्त इंग्रजी स्पेलिंग आठवून गाव निवडा. "व्ही वर्ध्याचा" म्हणालात तर जाणकार माणूस डब्ल्यू लिहील. व्ही हवा असेल तर वाशी घ्या. "एफ फलटणचा" ही तर सरळ चूक, फलटण पी ने सुरू होतं. एफला सरळ फॅन म्हणा.

बँकेचा आयएफएससी कोड सांगताना एक गोष्ट हमखास चुकते. तो अकरा खुणांचा असतो आणि पाचवी खूण नेहमी शून्य असते. तिला "ओ" म्हणायची सवय सोडा, "शून्य" म्हणा.

ब्लूटूथवर गाणी सुरेख वाजतात, पण कॉल सुरू झाला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. हेडसेट खराब आहे का?

नाही. ब्लूटूथच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. गाण्यांची वाट एकेरी आहे, सगळी रुंदी तुमच्या कानाकडे येणाऱ्या आवाजाला मिळते. माइक उघडला की हेडसेट दुसऱ्या, दुहेरी वाटेवर जातो. तिथे येणं आणि जाणं दोन्ही चालवायचं असल्याने आवाज अरुंद आणि एकसुरी होतो. जुन्या उपकरणांत ही वाट टेलिफोनच्याच मापाची, म्हणजे सेकंदाला ८,००० नमुन्यांची असते. बऱ्याच नव्या उपकरणांत १६,००० ची, जी बोलण्याला चांगली पुरते. दोन्ही बाजूंना, म्हणजे फोनला आणि हेडसेटला, नवी पद्धत येत असेल तरच ती वापरली जाते. त्यामुळे तोच हेडसेट फोनवर छान आणि जुन्या लॅपटॉपवर भिकार वाटू शकतो.

विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एक "स्टिरिओ" आणि एक "हँड्स-फ्री". ॲपमध्ये माइक हँड्स-फ्री आणि स्पीकर स्टिरिओ निवडला तर अनेकदा आवाजच बंद पडतो. दोन्हीकडे हँड्स-फ्री ठेवा. नुसतं ऐकायचं असेल, वेबिनारला बसायचं असेल, तर स्पीकर स्टिरिओ आणि माइक लॅपटॉपचा निवडा. कानाला आवाज पुन्हा भरदार होतो.

मग वायरचा घ्यावा की ब्लूटूथचा?

दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त बोलणं टेबलापाशीच होत असेल तर यूएसबी वायरचा, दांडीवाला. त्यात चार्जिंग नाही, अरुंद वाट नाही, आणि हजार-दीड हजारांचा हेडसेटही दुप्पट किमतीच्या इअरबडपेक्षा स्पष्ट बोलतो. फिरत फिरत बोलायचं असेल तर ब्लूटूथ.

पिन बरोबर बसते, ऐकूही येतं, पण माइक चालत नाही.

साडेतीन मिलिमीटरच्या पिनवरच्या काळ्या रेघा मोजा. दोन रेघा असतील तर त्या पिनवर माइकचा तारच नाही. तीन रेघा असतील तर माइक आहे. मग भोक बघा. डेस्कटॉपला बहुधा दोन वेगळी भोकं असतात, हिरवं ऐकण्याचं आणि गुलाबी माइकचं. तीन रेघांची एक पिन हिरव्यात घातली तर फक्त ऐकू येणार. एका पिनचे दोन करणारा इंग्रजी वायच्या आकाराचा जोड मिळतो, तो लावा. दुकानात मागताना "हेडसेटसाठी, माइकसकट" असं सांगा. दोन हेडफोन एकत्र लावायचा जोडही अगदी तसाच दिसतो आणि तो इथे निरुपयोगी आहे.

पिन बरोबर असूनही आवाज खोल विहिरीतून येतोय आणि माइक मुका आहे, तर दोन पद्धतींचा मेळ बसलेला नाही. पिनवरच्या माइक आणि अर्थिंग यांच्या जागा सीटीआयए आणि ओएमटीपी या पद्धतींत उलट्या असतात. हल्लीचे फोन पहिल्या पद्धतीचे असतात, जुने काही इअरफोन दुसऱ्या. जागा बदलून देणारा छोटा जोड मिळतो. नाहीतर असा इअरफोन गाण्यांसाठी ठेवून द्यावा.

मला माझाच आवाज परत ऐकू येतो. माझ्या हेडसेटचा दोष आहे का?

बहुतेक वेळा नाही. तुमचा आवाज पलीकडच्या स्पीकरमधून बाहेर पडून त्यांच्याच माइकमध्ये शिरतोय, म्हणून तुम्हाला परत येतोय. त्यांना हेडसेट लावायला किंवा आवाज कमी करायला सांगा. बैठकीत दहा जण असतील तर एकेकाला म्यूट करत जा. ज्याच्या म्यूटने प्रतिध्वनी थांबला, ते घर सापडलं. बऱ्याचदा त्याने एकाच खोलीत फोन आणि लॅपटॉप दोन्हीवरून बैठक उघडलेली असते.

लोक "तुमच्याकडून आमचाच आवाज येतोय" म्हणाले, तर मात्र दोष तुमच्या बाजूचा. कानातला आवाज उतरवा. सैल बसणाऱ्या उशांतून आवाज झिरपून माइकपर्यंत जातो. स्वस्त इअरफोनमध्ये वायरीच्या आतही गळती होते.

हेडसेट लावला की मी ओरडून बोलतो, असं घरचे म्हणतात.

दोन्ही कान झाकले की स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो. गोंगाटात आवाज चढतो हे एत्येन लोम्बार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली मांडलं, त्यावरून याला लोम्बार परिणाम म्हणतात. टेलिफोनच्या जुन्या रिसिव्हरमध्ये आपला आवाज थोडासा आपल्याच कानात सोडलेला असायचा, म्हणून तेव्हा हे कमी व्हायचं. या सोयीला साइडटोन म्हणतात, अनेक यूएसबी हेडसेटच्या ॲपमध्ये ती असते. ती २० ते ३० टक्क्यांवर ठेवा. विंडोजमधला "लिसन टू धिस डिव्हाइस" हा पर्याय त्याऐवजी वापरू नका. त्यात आवाज उशिरा येतो आणि जीभ अडखळते.

साइडटोन नसेल तर एक कान मोकळा ठेवा. त्याहून स्वस्त इलाज नाही.

लॅपटॉप चार्जिंगला लावला की घरघर सुरू होते.

चार्जर काढून बघा. घरघर थांबली तर ती विजेची आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची, ती माइकच्या बारीक तारेत शिरली की खर्जातली गुणगुण ऐकू येते. चार्जरची तीन पिनांची पिन दोन पिनांच्या बोर्डात कोंबलेली असेल, किंवा घरात अर्थिंग नीट नसेल, तर हे हमखास होतं. तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या बोर्डात लावा. तरी गेली नाही तर यूएसबी हेडसेट वापरा. त्यात माइकचा आवाज हेडसेटपाशीच अंकांत बदलतो, त्यामुळे तो सहसा सुटतो.

आवाज तुटतो, मध्येच रोबोटसारखा होतो. नेटवर्क की हेडसेट?

हेडसेट काढून फोन कानाला लावा. तरी तुटत असेल तर नेटवर्क. थांबला तर ब्लूटूथ.

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतं. त्याच पट्ट्यात घरचं वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. वाय-फाय ५ गिगाहर्ट्‌झवर न्या. फोन उजव्या मागच्या खिशात आणि हेडसेटचा मुख्य भाग डाव्या कानात असेल तर मध्ये अख्खं शरीर येतं, आणि शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. फोन वरच्या खिशात ठेवा. हेडसेटचा छोटा यूएसबी तुकडा लॅपटॉपला लावायचा असेल तर यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कच्या अगदी शेजारी लावू नका. तिच्या वायरीतून नेमका याच पट्ट्यातला गोंगाट निघतो. अर्ध्या मीटरची यूएसबी वायर घेऊन तो तुकडा टेबलावर आणला की फरक लगेच दिसतो.

दोष नेटवर्कचा असेल तर आधी व्हिडिओ बंद करा. नुसत्या आवाजाला सेकंदाला १०० किलोबिटसुद्धा पुरतात.

अमेरिकेतल्या मुलाशी बोलताना आम्ही सारखे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतो.

मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूला साठेक मिलिसेकंद तर यात गेलेच, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत. त्यात ॲपची साठवण आणि दोन्हीकडच्या ब्लूटूथचा उशीर धरा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मार्गदर्शनानुसार एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालतं. त्यापुढे गेलं की तुम्ही "तो थांबला" समजून बोलायला लागता आणि त्याचं पुढचं वाक्य वाटेत असतं.

दोन्हीकडे वायरचा हेडसेट लावला तर उशीर थोडा कमी होतो. बाकी सवयीचं काम: बोलून झालं की "सांग" किंवा "बोल आता" म्हणायचं. आणि "हं, हं… अच्छा… हो का" हे हुंकार आवरायचे. समोर बसलेल्याला ते आपुलकीचे वाटतात, कॉलवर ते उशिरा पोहोचून त्याच्या पुढच्या वाक्यावर आदळतात आणि तो "काय म्हणालीस आई?" म्हणून थांबतो. व्हिडिओ असेल तर मान हलवणं पुरतं.

आईला कमी ऐकू येतं. मी मोठ्याने बोलू का?

मोठ्याने नको, सावकाश. ओरडताना स्वर फुगतात, व्यंजनं तेवढीच राहतात, आणि शब्द ओळखायचा तो व्यंजनांवरून. शिवाय ओरडण्याने माइक फाटतो. वाक्यं तोडून बोला, नाव-गाव-वेळ आधी सांगा. तेच वाक्य दोनदा कळलं नाही तर तिसऱ्यांदा शब्द बदला: "उद्या येतोय" नाही कळलं तर "शनिवारी पोहोचतो".

दोघांकडेही व्होल्टी (४जी नेटवर्कवरूनच जाणारा कॉल) चालू असेल तर साधा कॉलसुद्धा सुमारे ७,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज नेऊ शकतो, "स" आणि "श" परत येतात. दोघांच्याही फोनच्या सेटिंगमध्ये ते सुरू आहे का, हे एकदा बघून ठेवा.

आमच्या खोलीत आवाज घुमतो.

फरशी, काच आणि रिकाम्या भिंती. माइक तीन सेंटिमीटरवर आणलात तर घुमणं बरंचसं जातंच. उरलं तर भिंतीकडे तोंड करून बसू नका, पडदा ओढा, पलंगावर गादी-गोधड्या असलेली खोली निवडा. पंख्याखाली बसू नका. वरून येणारा वारा थेट माइकवर पडतो.

म्यूट काढलं तरी आवाज जात नाही.

दोन म्यूट असतात, एक ॲपचं आणि एक हेडसेटचं. ॲपमध्ये माइक चालू दिसतो आणि वायरीवरचं बटण दाबलेलं असतं. अनेक हेडसेटमध्ये दांडी वर उचलली की म्यूट होतं. दांडीवर लाल दिवा असेल तर तो बघा. एकच म्यूट वापरायचं ठरवा आणि दुसऱ्याला हात लावू नका.

पूर्वी आवाज चांगला जायचा, आता दबका जातो.

माइकचं छिद्र भरलं आहे. स्पंजची टोपी काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण, म्हणजे रात्रभर, वाळू द्या. ओली टोपी आवाज आणखी दाबते. छिद्रावर कोरडा मऊ टूथब्रश फिरवा, माइक खाली तोंड करून, म्हणजे धूळ बाहेर पडेल. सुई किंवा टाचणी घालू नका, आत लगेच पातळ पडदा असतो. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो. बाहेरचं प्लास्टिक पुसायला ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, थेट ओतू नका. इअरबडच्या जाळीत कानातला मळ बसतो, तोही याच कोरड्या ब्रशने, जाळी खाली करून काढा. पावसाळ्यात घामाने आणि दमटपणाने जाळी ओली राहते; इअरबड ओले असताना डबीत बंद करू नका, पुसून तासभर उघड्यावर ठेवा.